ठाणे–नवी मुंबईतून ऑनलाइन एन्ड्युरन्स शर्यत: तीन ड्रायव्हर, एक गाडी, सहा तास

कॉम्प्युटरवर सिममध्ये, म्हणजे खऱ्या गाडीची नक्कल करणाऱ्या गेममध्ये, एकट्याने वीस-पंचवीस मिनिटांच्या शर्यती खेळणाऱ्याला एन्ड्युरन्स (तासन्‌तास चालणारी शर्यत) म्हणजे तेच काम, फक्त जास्त वेळ, असं वाटतं. प्रत्यक्षात नवख्या टीमचे सगळ्यात महागडे सेकंद वळणावर नाही, पिटमध्ये (इंधन, टायर आणि ड्रायव्हर बदलण्याच्या थांब्यावर) जातात. पुढचा ड्रायव्हर जागेवर नसतो, त्याचं स्टिअरिंग व्हील कॉम्प्युटरला दिसत नसतं, किंवा इंधन किती भरायचं हे कुणीच ठरवलेलं नसतं. वळण अर्धा सेकंद सावकाश घेतलं तर अर्धाच सेकंद जातो. ड्रायव्हर बदलताना गोंधळ झाला की दोन-दोन मिनिटं जातात, आणि सहा तासांत असे बदल पाच वेळा होऊ शकतात. म्हणून या लेखात वेगाने कसं चालवावं याबद्दल फारसं काही नाही. गाडी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात नीट कशी जाईल, त्याची ही तयारी आहे.

आधी सिम आणि शर्यत ठरवा

तिघांकडे एकच सिम हवं, हे उघड आहे. त्या सिममध्ये ड्रायव्हर बदलण्याची सोय आहे का, हे मात्र आधी तपासावं लागतं. आपल्याकडे अनेकांची सुरुवात मूळ असेटो कोर्सापासून होते आणि त्या मूळ गेममध्ये ही सोय नाही. असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने, आरफॅक्टर २ आणि आयरेसिंगमध्ये ती आहे. कॉम्पिटिझिओनेला वर्गणी नाही, आणि त्यातल्या जीटी३ गाड्या (स्पोर्ट्स कारवरून केलेल्या रेसच्या गाड्या) नवख्यांना सोसतील अशा आहेत. आयरेसिंगला वर्गणी लागते, शिवाय बऱ्याच गाड्या आणि ट्रॅक वेगळे विकत घ्यावे लागतात. पण टीम नोंदवण्यापासून निकालापर्यंतची सगळी व्यवस्था तिथे तयार मिळते. जानेवारीत डेटोना २४ तास, मार्चमध्ये सेब्रिंग १२ तास, जुलैत स्पा २४ तास असं तिथलं मोठ्या शर्यतींचं वेळापत्रक खऱ्या शर्यतींच्या आसपास चालतं.

पहिल्याच वेळी २४ तासांच्या मागे लागू नका. तीन ते सहा तासांची शर्यत घ्या. दोघांत सहा तास होतात, पण मग विश्रांती अशी उरत नाही. तिघं हा आकडा सगळ्यात सोयीचा: एक गाडीत, एक पुढच्या पाळीच्या तयारीत, एक मोकळा.

सुरुवातीच्या वेळेत फसायला होतं, म्हणून ती नीट लिहून काढा. जीएमटीमध्ये साडेपाच तास मिळवायचे. शनिवारी दुपारी १२:०० जीएमटी म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. शुक्रवारी रात्री २२:०० जीएमटी मात्र आपल्याकडे शनिवारची पहाट, साडेतीन वाजता. वार बदलतो आणि लोक एक दिवस चुकतात. ब्रिटनमधली लीग स्थानिक वेळ देत असेल तर आणखी एक पेच आहे. तिथले संध्याकाळचे सात उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा होतात, हिवाळ्यात साडेबारा. घड्याळं पुढे-मागे होतात त्या मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यांत तर दर वेळी नव्याने तपासा.

माणसं निवडताना

सगळ्यात वेगवान तिघं गोळा करण्यापेक्षा एकसारखं चालवणारे तिघं शोधा. निकष साधा ठेवा: भरलेल्या टाकीने सलग २५ लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या), एकही स्पिन (गाडी घसरून गरगरणं) नाही, आणि लॅपच्या वेळांत साधारण एका सेकंदापेक्षा जास्त फरक नाही. ज्याला हे जमत नाही त्याची सर्वोत्तम लॅप कितीही भारी असली तरी शर्यतीत उपयोगाची नाही.

दुसरा निकष वेळेचा. महापे किंवा ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये रात्रपाळी करणारा मित्र पहाटेच्या स्टिंटला (दोन थांब्यांमधल्या पाळीला) ताजातवाना असेल, पण शनिवारी सकाळी तो झोपलेलाच असणार. शनिवारी अर्धा दिवस ऑफिस असलेल्याला सुरुवातीची पाळी देऊ नका. लोकल वीस मिनिटं उशिरा आली की तुमची शर्यत तिथेच अडकते. घरच्या गोष्टीही आधी विचारून घ्या. गणपतीत किंवा नवरात्रात घरी पाहुणे असतील आणि खाली वाद्यं चालू असतील, तर माइकवर काही कळणार नाही.

शक्य असेल तर चौथा माणूस घ्या, गाडी न चालवणारा. त्याने पाळ्यांचा तक्ता सांभाळायचा, इंधनाचा हिशोब ठेवायचा आणि पुढच्या ड्रायव्हरला उठवायचं. नवख्या टीमला वेगवान चौथ्या ड्रायव्हरपेक्षा असा माणूस जास्त फायद्याचा ठरतो.

आणि एक आग्रहाची सूचना. तिघांनी एका घरी जमून शर्यत करण्याचा मोह टाळा. मजा येते, मान्य आहे, पण एका घरी एकच वीज आणि एकच इंटरनेट असतं. एक जण घोडबंदर रोडला, एक नौपाड्यात आणि एक खाडीपलीकडे ऐरोलीत किंवा नेरुळला असेल, तर एका भागातला ट्रान्सफॉर्मर गेल्याने सगळी टीम बसत नाही.

वीज आणि इंटरनेट

पावसाळ्यात इथे वीज जाणार हे गृहीत धरूनच तयारी करा. खेळताना कॉम्प्युटर साधारण ३५० ते ४५० वॅट घेतो. त्यात मॉनिटर आणि डायरेक्ट ड्राइव्ह व्हीलबेस (स्टिअरिंग फिरवणारी ताकदवान मोटर) जोडला की बाजारात सहज मिळणारा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस पुरत नाही. त्याची खरी ताकद ३६० वॅटच्या आसपास असते आणि भर आला की तो किंचाळून बंद पडतो. १ केव्हीए किंवा त्याहून मोठा घ्या, आणि खोक्यावर व्हीएचा आकडा न बघता वॅटचा बघा. घरचा इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर आहे का ते पाहा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणाऱ्या क्षणात कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊ शकतो.

यूपीएसने पाच मिनिटं दिली तर त्याचा उपयोग काय? स्पाचा ट्रॅक सात किलोमीटरचा आहे आणि जीटी३ गाडी २ मिनिटं २० सेकंदांच्या आसपास लॅप पुरी करते. म्हणजे वीज गेल्या क्षणी तुम्ही कुठेही असलात तरी पिटमध्ये येऊन गाडी दुसऱ्याच्या हातात देता येते. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकच्या २४ तासांच्या मांडणीवर मात्र एक लॅप २५ किलोमीटरची आणि आठ मिनिटांच्या वरची. तिथे पाच मिनिटांचा यूपीएस तुम्हाला जंगलात सोडून देईल. तेव्हा ट्रॅक बघून यूपीएस ठरवा, आणि वीज जाताच काय करायचं हेही आधी ठरवा: वाट बघायची नाही, त्याच लॅपला आत.

राउटर आणि फायबरचा डबा मिळून फारच कमी वीज खातात. त्यांना १२ व्होल्टचा वेगळा मिनी यूपीएस लावा, तो तास-दोन तास टिकतो. त्याआधी केबलवाल्याला एक प्रश्न विचारा: फायबर थेट घरात येतं, की सोसायटीच्या डक्टमधल्या स्विचमधून साधी लॅन केबल येते? दुसरी व्यवस्था असेल तर इमारतीची वीज गेली की तो स्विचही जातो, आणि तुमच्या मिनी यूपीएसला काही अर्थ राहत नाही.

वायफायवर शर्यत करू नका. मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये शेजारच्या पंचवीस घरांचे राउटर एकमेकांत मिसळत असतात. वीस मीटरची लॅन केबल आणून दाराच्या कडेने ओढा. इथून सिंगापूरच्या सर्व्हरला पिंग (तिथे जाऊन परत यायला लागणारा वेळ) साधारण ६०-७० मिलिसेकंद येतो आणि युरोपातल्या सर्व्हरला त्याच्या दुप्पट. दीडशेचा पिंग स्थिर असेल तर चालतो. ऐंशीवरून अचानक चारशेवर उडणारा पिंग मात्र गाडीला ट्रॅकवर उड्या मारायला लावतो आणि मागचा येऊन धडकतो. रविवारी संध्याकाळी अख्खी इमारत सिनेमे बघत असताना दहा मिनिटं सलग पिंग चालवून बघा, पहाटे नको.

मोबाइलचं इंटरनेट जवळ असू द्या, पण त्याच्यावर विसंबू नका. लाइन बदलली की सर्व्हरशी असलेलं नातं तुटतं आणि पुन्हा जोडून घ्यावं लागतं. खरा बॅकअप म्हणजे दुसऱ्या घरी सेशनमध्ये आधीच हजर असलेला सहकारी. आयरेसिंगमध्ये चालकाचं कनेक्शन तुटलं की गाडी टो होऊन (ओढून आणली जाऊन) पिटमध्ये येते आणि तिथून दुसरा ती घेऊ शकतो. २०२३च्या जानेवारीत झालेल्या व्हर्चुअल ल मॉन्समध्ये आघाडीवर असलेल्या मॅक्स व्हर्स्टॅपनच्या गाडीचंही कनेक्शन तुटलं होतं. तिथेही जे टळलं नाही ते आपल्या घरी होणार हे धरून चाला.

इंधन आणि पाळ्यांचा हिशोब

आधी प्रत्येकाने भरलेल्या टाकीने पूर्ण स्टिंट चालवून दोन आकडे काढायचे: सरासरी लॅप आणि दर लॅपचं इंधन. सर्वोत्तम लॅप या तक्त्यात लिहायचीच नाही. मग गणित मांडा. समजा टाकी १०४ लिटरची, दर लॅपला ३.६ लिटर, लॅप १४० सेकंदांची आणि शर्यत ६ तासांची, म्हणजे २१,६०० सेकंदांची.

१०४ भागिले ३.६ म्हणजे २८.९, तर स्टिंट २८ लॅपचा. वर ३.२ लिटर उरतात, ती शिल्लक. २८ लॅप म्हणजे ३,९२० सेकंद, ६५ मिनिटं २० सेकंद. पिटलेनमधून जाण्यात ३० सेकंद आणि पूर्ण टाकी भरायला ४० धरले, तर एका थांब्याला ७० सेकंद जातात. असे पाच पूर्ण स्टिंट आणि पाच थांबे झाल्यावर, शेवटचा थांबा कमी इंधनाचा असल्याने, साधारण १,६७० सेकंद उरतात. त्यात बारा लॅप. बारावी लॅप पुरी व्हायला १,६८० सेकंद लागतात, म्हणजे घड्याळ संपतं त्याच्या अगदी काठावर. गाडी थोडी जरी वेगात असली तर तेरावी लॅप करावी लागेल. म्हणून शेवटचं इंधन तेरा लॅपचं भरा: ४६.८ लिटर आणि वर एक, म्हणजे ४८. शेवटच्या लॅपला इंधन संपून थांबलेल्या गाड्या बहुतेक वेळा याच एका लॅपच्या हिशोबात चुकलेल्या असतात.

मग कुणीतरी म्हणतो, इंधन वाचवून पाचवा थांबाच टाळू. करून बघा गणित. १५२ लॅप पाच स्टिंटमध्ये बसवायच्या तर एका टाकीत ३१ लॅप काढाव्या लागतील, म्हणजे दर लॅपला ३.३५ लिटर, सुमारे ७ टक्के बचत. त्यासाठी दर लॅपला अर्धा सेकंद जरी गेला तरी एकूण ७६ सेकंद जातात. वाचलेला थांबा ४८ लिटरचा, म्हणजे पन्नास सेकंदांच्या आतला. तोटाच. शेवटचा स्टिंट दोन-तीन लॅपचा उरत असेल तेव्हाच बचतीचा विचार करा.

आता नियम. आयरेसिंगमध्ये प्रत्येक ड्रायव्हरने समान वाट्याच्या किमान एक चतुर्थांश लॅप चालवाव्या लागतात. १५२ लॅप आणि तीन ड्रायव्हर म्हणजे समान वाटा ५१च्या आसपास, त्याचा चौथा हिस्सा १३. सगळ्यात कमी चालवणाऱ्याची पाळी शेवटच्या छोट्या स्टिंटवर ठेवू नका. शर्यत लवकर आटोपली किंवा गाडी खराब झाली, तर त्याचा वाटा अपुरा राहतो आणि निकालावर पाणी पडतं. कॉम्पिटिझिओनेच्या सर्व्हरवर स्टिंटची कमाल वेळ आणि एका ड्रायव्हरची एकूण कमाल वेळ सेकंदांत लावता येते. या दोन्ही एकत्रच चालू किंवा बंद ठेवायच्या असतात. लीगने ६५ मिनिटं, म्हणजे ३,९०० सेकंद लावले असतील तर वरचा आपला २८ लॅपचा स्टिंट २० सेकंदांनी बेकायदा ठरतो. तिथे २७व्या लॅपला आत यायचं. टाकीत इंधन आहे म्हणून बाहेर राहिलात तर दंड.

प्रत्येकी दोन स्टिंट येतात. ते सलग दिले तर ड्रायव्हर-बदल पाचावरून दोनवर येतात, आणि पहिल्या शर्यतीला आमची पसंती यालाच. मात्र दोन तास दहा मिनिटं सलग बसायची सवय हवी. मे महिन्यात पंखा बंद खोलीत हे होत नाही. एसी किंवा समोरून पंखा, हाताशी पाण्याची बाटली, आणि जेवण स्टिंटच्या किमान दीड तास आधी.

सेटअप एकच

तिघांपैकी सगळ्यात कमी सरावलेल्याला जी गाडी धाकधुकीशिवाय चालवता येते तो सेटअप (गाडीची जुळवणी) घ्या. मागून निसटणारी गाडी एका लॅपला तीन दशांश सेकंद वाचवून देते आणि रात्री तिसऱ्या तासाला भिंतीत जाते. ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकमधली वाटणी) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी सोय) गाडीतूनच बदलता येतात. प्रत्येकाचे आकडे तक्त्यात लिहून ठेवा, म्हणजे बसल्या बसल्या लावता येतील. सेटअप फाइलच्या नावात तारीख टाका आणि शर्यतीच्या आदल्या दिवसानंतर तिला कुणीही हात लावायचा नाही.

ड्रायव्हर-बदल, पायरीपायरीने

हा भाग पाठ होईपर्यंत करायचा आहे.

१. पंधरा मिनिटं आधी: पुढचा ड्रायव्हर सेशनमध्ये हजर. त्याने त्याच दिवशी सिम चालू करून सरावाच्या सेशनमध्ये तीच गाडी दोन लॅप फिरवलेली असावी. नाहीतर पहिल्यांदा बसताना चित्र अडखळतं, आणि व्हीलचा कोन चुकीचा असल्याचं पहिल्याच वळणावर कळतं.

२. विंडोजमधलं यूएसबीची वीज वाचवणारं सेटिंग आधीच बंद केलेलं हवं. तासभर हात न लावलेलं व्हील झोपी जातं आणि नेमकं गाडीत बसताना सापडत नाही. पाच मिनिटं आधी व्हील फिरवून आणि तिन्ही पेडल दाबून बघा.

३. तीन लॅप आधी चालक बोलतो: "तीन लॅप, इंधन अमुक." पुढच्याने आवाज देऊनच उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर चौथ्याने फोन लावायचा. फोन सायलेंटवर नको.

४. शेवटच्या लॅपला, सरळ रस्त्यावर, पिटचा मेनू वाचून दाखवायचा: किती लिटर, टायर हो की नाही, दुरुस्ती हो की नाही, पुढचा ड्रायव्हर कोण. वाचताना वळण चुकतं, म्हणून लांब सरळ पट्टा आधीच ठरवा.

५. पिटलेनच्या रेषेआधी ब्रेक, लिमिटर (पिटमधला वेग बांधणारं बटण) चालू, आपल्या खोक्यात (पिटमधल्या टीमच्या जागेत) पूर्ण थांबायचं. गाडी खोक्याबाहेर अर्धी राहिली तर कामच सुरू होत नाही. आयरेसिंगमध्ये घाईघाईत खोक्यात पोचण्याआधी गाडीतून बाहेर पडलात तर ते टो धरलं जातं आणि त्याचा वेळ मोजावा लागतो.

६. "बाहेर" हा एकच शब्द. तो ऐकल्यावर ठरलेल्या माणसानेच चालवण्याचं बटण दाबायचं. तिसऱ्याने माउसला हातही लावायचा नाही. मदत म्हणून दुसऱ्याने बटण दाबलं की तोच गाडीत बसतो.

७. नव्या ड्रायव्हरची तपासणी, मोठ्याने: इंधनाचा आकडा, ब्रेक बायस, दिवे, लिमिटर, पहिला गिअर. मग सुटायचं. टायर थंड असतात, त्यामुळे पहिले दोन कोपरे नेहमीपेक्षा बरेच आधी ब्रेक.

नुकत्याच उतरलेल्या ड्रायव्हरने लगेच हेडसेट काढून निघून जाऊ नये. पहिल्या तीन लॅप त्याने थांबावं: कुठे पाणी आहे, कुठली गाडी अचानक ब्रेक मारते, कोण निळ्या झेंड्याला (मागच्या वेगवान गाडीला वाट देण्याच्या खुणेला) बाजू देत नाही, हे फक्त त्यालाच ठाऊक असतं.

सराव तीनदा

पहिला सराव प्रत्येकाचा एकट्याचा: पूर्ण टाकी, पूर्ण स्टिंट. दुसरा तासाभराचा, त्यात दर पंधरा मिनिटांनी ड्रायव्हर बदलायचा. यात वेगाकडे बघायचं नाही, फक्त वरच्या सात पायऱ्या. तिसरा अडीच तासांचा, ज्या वारी आणि ज्या वेळी शर्यत आहे त्याच वेळी, म्हणजे घरातलं इंटरनेट, उकाडा आणि झोप तिन्हींची परीक्षा होते.

कॉम्पिटिझिओनेचा सराव सर्व्हर घरून चालवायचा विचार असेल तर इथे एक अडचण हमखास येते. अनेक फायबर कंपन्या सीजी-नॅट वापरतात, म्हणजे तुमच्या घराला बाहेरून दिसणारा स्वतंत्र पत्ता नसतो. राउटरमध्ये पोर्ट उघडून काही होत नाही आणि मित्र आत येऊ शकत नाहीत. कंपनीकडून स्टॅटिक आयपी घ्या किंवा महिन्याभरासाठी सर्व्हर भाड्याने घ्या. ड्रायव्हर-बदलासाठी एन्ट्री लिस्टमध्ये तिघांचे स्टीम आयडी एकाच गाडीखाली लिहावे लागतात. एक अंक चुकला तरी तो माणूस गाडीत बसू शकत नाही.

शर्यतीच्या दिवशी

स्टीम आणि विंडोजची अपडेट्स आदल्या रात्री पूर्ण करून थांबवून ठेवा. डिस्कॉर्डवर (बोलण्याच्या ॲपवर) पुश-टू-टॉक लावा, म्हणजे बटण दाबल्यावरच माइक चालू होईल, पंख्याचा आवाज सहा तास ऐकवत नाही. चालकाशी एका वेळी एकानेच बोलायचं, तेही सरळ रस्त्यावर असताना. आयरेसिंगमध्ये इन्सिडंट पॉइंट (टक्कर किंवा ट्रॅकबाहेर जाणं यांचे दोषगुण) टीमचे मिळून मोजले जातात, त्यामुळे दर बदलाला आतापर्यंतचा आकडा पुढच्याला सांगा. तो मर्यादेजवळ असेल तर कर्बवर (वळणाच्या कडेच्या पट्ट्यांवर) चढणं बंद.

टक्कर झाली तर आधी गाडी सरळ आणा आणि मगच बोला. आयरेसिंगमध्ये दुरुस्तीचे दोन भाग असतात, सक्तीचा आणि ऐच्छिक. गाडी सरळ जात असेल आणि सरळ रस्त्यावरचा वेग फार कमी झाला नसेल, तर ऐच्छिक दुरुस्ती पुढच्या ठरलेल्या थांब्यापर्यंत राहू द्या. चालक बदलायचाच असेल तर ती वेळ त्यात वापरता येते.

शर्यत संपल्याचा झेंडा पडल्यावर लगेच सेशन सोडू नका. गाडी पिटमध्ये आणा, निकाल येईपर्यंत थांबा आणि रीप्ले सेव्ह करा. अनेक लीगमध्ये तक्रारीची मुदत थोडीच असते आणि रीप्लेशिवाय तक्रार घेत नाहीत. झोपायला जाण्याआधी प्रत्येक स्टिंटची खरी सरासरी लॅप, खरं इंधन आणि प्रत्येक थांब्याचे सेकंद तक्त्यात भरा. अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यात सगळ्यात मोठा फरक ज्या रकान्यात दिसेल, पुढचा सराव त्याचा.